मिशनमधल्या 'मुएर्तोस'ला आपण कवटीचा मेकअप करून जावं का?

फॉगसिटीकर: ऑक्टोबर संपत आला की आपल्या बे एरियाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सुरू होतं, २ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोतल्या मिशन या लॅटिनो (लॅटिन अमेरिकन) वस्तीत कोण कोण येतंय, कवटीचा मेकअप कुठे करून मिळेल, पार्किंगचं काय. मला हे पटत नाही, स्पष्टच सांगतो. दिआ दे लोस मुएर्तोस हा मेक्सिकन सण म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसांचा दिवस. ओफ्रेंडा मांडतात, त्यात फोटो, मेणबत्त्या, झेंडू, त्या माणसाला आवडायचं ते खाणं, आणि आपण त्याच्यासमोर पाठ करून सेल्फी काढतो. मिरवणुकीत एक बाई मुलाचा फोटो छातीशी धरून चाललेली आणि तिच्या शेजारी तिघे जण बिअरचे कॅन घेऊन 'हॅपी हॅलोवीन' ओरडतायत, हे मी बघितलंय. जायचंच असेल तर मिशन स्ट्रीटवरच्या मिशन कल्चरल सेंटरसारख्या लॅटिनो कलाकेंद्रात जा, तिथली प्रदर्शनं बघा, क्लास लावा, पोस्टर विकत घ्या. नुसतं गर्दीत घुसायचं असेल तर घरी बसा.

झेंडूवाली: अहो, ज्या झेंडूची तोरणं आपण दसऱ्याला लावतो तो मूळचा मेक्सिकोचाच! पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला असं मानतात. कुणी मेक्सिकन माणूस दादरच्या फूलबाजारात येऊन 'आमचं फूल का वापरता' असं विचारतो का? आणि मिशनमधला हा सण काही जसाच्या तसा गावाकडून उचलून आणलेला नाही. गॅलेरिया दे ला रासा या मिशनमधल्या कलादालनाच्या कलाकारांनी १९७२ साली प्रदर्शन म्हणून तो इथे सुरू केला. मेक्सिकोत लोक कुटुंबासकट स्मशानात जाऊन बसतात, रात्र जागवतात. इथे तो रस्त्यावर आणला तोच मुळी लोकांनी बघावं म्हणून. मग आता बघायला आलेल्यांवर कशाला चिडायचं?

फॉगसिटीकर: बघायला या हो, कोण नको म्हणतंय. बघणं वेगळं आणि चेहरा रंगवून मिरवणं वेगळं. आपल्या पितृपक्षात कुणी कावळ्याचा मुखवटा घालून अंगणात नाचला तर तुम्ही 'वा, कल्चरल एक्सचेंज' म्हणाल का?

झेंडूवाली: तुलना साफ चुकली. कवटी रंगवणं त्यांच्यातच आहे, त्यांची पोरं रंगवतात, साखरेच्या कवट्या खातात. आपल्याकडे श्राद्ध म्हटलं की चेहरे लांब, त्यांच्याकडे तसं नाही. तुमचा सोवळेपणा त्यांच्यावर लादू नका.

डेलीसिटीचा_बाब्या: मेकअपवर भांडताय आणि मूळ मुद्दा राहतोय बाजूला. ज्या गॅलेरियाने हे सुरू केलं तिला २०१८ मध्ये चोवीसावी स्ट्रीट आणि ब्रायंट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची जागा सोडावी लागली, चाळीसच्या वर वर्षं तिथे काढून, कारण भाडं दुप्पट. डिसेंबर २०१३ मध्ये चोवीसावी आणि व्हॅलेन्सियाला लोकांनी गूगलच्या कर्मचाऱ्यांची बस अडवली होती तेही आठवत असेल. तसल्या बसमधून आपल्यातले कितीतरी जण रोज जायचे, एसीत बसून, लॅपटॉप उघडून. ज्यांच्या घराचं भाडं आपल्यामुळे वाढलं त्यांच्या सणात नाचायला जायचं याची लाज वाटते की नाही, एवढंच विचारतो.

हिशेबनीस: भाडं टेकवाल्यांमुळे वाढलं हे अर्धसत्य आहे बाब्याशेठ. शहरात घरं बांधूच देत नाहीत, मग काय होणार. आणि गॅलेरियाचा हिशेब कल्चरल सेंटरला लागू नाही. १९७७ साली कलाकार आणि वस्तीतल्या लोकांनी ते उभं केलं, पण इमारत शहराच्या मालकीची, म्हणून घरमालक उठला आणि भाडं दुप्पट केलं असा प्रकार तिथे झाला नाही. दुसरं म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत हॉटेल टॅक्समधून कलासंस्थांना पैसे द्यायची पद्धत १९६१ पासून आहे. म्हणजे तुम्ही ज्या टुरिस्टांना नाकं मुरडताय त्यांच्याच हॉटेलच्या बिलातला वाटा शहरातल्या कलेवर खर्च होतो. मिशनमधला मे अखेरचा कार्निव्हाल १९७९ मध्ये प्रेसिटा पार्कात जमलेल्या थोड्या लोकांचा होता, आता केवढा झालाय. गर्दीशिवाय हे चालत नाही.

डेलीसिटीचा_बाब्या: टॅक्स भरला म्हणजे उपकार केले का? वस्तीतून माणसंच उठून गेली तर सेंटरची भिंत कितीही रंगीत असो, आत क्लासला येणार कोण? तुम्ही आम्हीच. मग लॅटिनो हे नाव नुसतं पाटीवर.

स्क्रीनवाली: मी त्या सेंटरच्या मिसिऑन ग्राफिका या छपाई विभागात स्क्रीन प्रिंटिंग शिकले म्हणून मध्ये बोलते. आपल्या लग्नपत्रिका छापायचे तीच पद्धत. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी, स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, शाई एका दमात ओढायची, हात मध्येच थांबला की पट्टा उमटतो आणि कागद गेला. रंग वाळेपर्यंत पुढचा घ्यायचा नाही, आणि चार रंगांचं पोस्टर म्हणजे प्रत्येक कागद चारदा जाळीखाली, दरवेळी तंतोतंत त्याच जागी. माझ्या शेजारच्या टेबलावर एक एल साल्वादोरच्या आजी होत्या, त्यांना मुएर्तोसचं फार कौतुक नव्हतं, 'ते मेक्सिकोवाल्यांचं' म्हणाल्या. मिशनमध्ये साल्वादोर, निकाराग्वा, ग्वाटेमालाची माणसंही आहेत, आपण सगळ्यांना एकाच टोपलीत टाकून त्यांच्या वतीने रागावतोय. फॉगसिटीकरांचा क्लास लावायचा सल्ला मात्र शंभर टक्के बरोबर.

कट्ट्यावरचा_मन्या: मला वेगळाच प्रश्न पडलाय. मिशनमधल्या लोकांपेक्षा आपल्या खिशात पैसा जास्त, तरी आपला गणपती दरवर्षी भाड्याच्या शाळेच्या हॉलमध्ये, आणि मखर कुणाच्यातरी गराजमध्ये. त्यांना सेंटर उभं करणं जमलं, आपल्याला का नाही?

हिशेबनीस: कारण ते चालत जाता येईल एवढ्या वस्तीत राहायचे आणि आपण फ्रीमाँटपासून सॅन रमोनपर्यंत पसरलोय. रोज संध्याकाळी दार उघडायला, झाडलोट करायला, पोरांना ढोल शिकवायला कोण येणार? तू येतोस?

कट्ट्यावरचा_मन्या: वीकेंडला येईन. ट्रॅफिक नसेल तर.

डेलीसिटीचा_बाब्या: घ्या.