पर्पेतुआचा पान्हा खरंच आटला होता?

निवृत्त_सिस्टर (इंदूर):
उत्तर आफ्रिकेतल्या रोमन अमलाखालच्या कार्थेजची पर्पेतुआ, ख्रिस्ती म्हणून पकडलेली. तिनं तुरुंगात लिहिलेलं वाचतेय. साल 203. वय बाविशीचं, घर खातंपितं, पोर अंगावर पिणारं. नवऱ्याचा कुठे उल्लेखच नाही! म्हातारा बाप येतो, हातांचे मुके घेतो, पाया पडतो, पिकल्या केसांची आण घालतो. ही ख्रिस्ताला नाकारत नाही. श्वापदांपुढे टाकायची शिक्षा होते. मग ती बाळाला आणायला माणूस पाठवते, तर बाप देत नाही. आणि ती लिहिते, देवाची इच्छा, बाळानं दूध मागणं सोडलं आणि माझ्या छातीलाही त्रास झाला नाही.

इथं माझं घोडं अडलं. जन्म गेला माझा मॅटर्निटी वॉर्डात. बाळ गेलेल्या बायांच्या छातीला, दूध आटावं म्हणून, मोगऱ्याची फुलं बांधलीत मी. छाती दगड होते, ताप भरतो, हात लावू देत नाहीत. हिला काहीच नाही?

लष्करवाला (ग्वाल्हेर):
सिस्टर, पुढचा भाग वाचा, तो दुसऱ्या कुणीतरी लिहिलाय. सोबतची फेलिसितास गुलाम, आठव्या महिन्यात. गर्भारणीला मारायची रोमन कायद्यात मनाई, म्हणून आपण मागे राहू याचीच तिला धास्ती! तुरुंगातच मुलगी झाली, ती एका ख्रिस्ती बाईनं वाढवली. 7 मार्चला दोघींना जाळ्या गुंडाळून रिंगणात आणलं, तर फेलिसितासच्या छातीतून दूध गळत होतं. बघे शहारले. मग माघारी नेऊन अंगरखे घातले.

मांडवीकर (बडोदा):
मला घरच्यांचंच जास्त वाटतं. तुकोबांचं नाव झालं, चूल आवलीनं सांभाळली. इजिप्तच्या अलेक्झांड्रियात ओरिजेनच्या, म्हणजे पुढे मोठा ख्रिस्ती पंडित झाला त्याच्या, बापाला असंच ख्रिस्ती म्हणून पकडलं, तेव्हा पोरगाही मरायला निघाला. आईनं त्याचे कपडेच लपवून ठेवले! नवरा गेला, मालमत्ता जप्त झाली, पदरात ओरिजेनहून धाकटी सहा पोरं.

निवृत्त_सिस्टर (इंदूर):
आई असावी तर अशी. लष्करवाले, फेलिसितासचं पटलं. बाळंतपण ताजं, दूध येणारच. पर्पेतुआचं मात्र अजून गळी उतरत नाही. वॉर्डात रोज ऐकायचे, "काही नाही हो सिस्टर, बरी आहे," आणि झंपर बघावा तर ओला. अधिकाऱ्यानं तिच्या बापाला छडीनं मारायला लावलं, तेव्हा मात्र तिनं सरळ लिहिलंय, जणू मलाच मारलं. ते दुखणं नाही लपवलं तिनं.