मदत हवी आहे : आपत्तीनंतर जमिनीचे कागद नसलेल्यांचा घरहक्क

नमस्कार. ज्यांच्या नावावर जमीन नाही, अशा भाडेकरूंनी आणि वस्तीवासीयांनी नैसर्गिक आपत्तीनंतर घराचा हक्क कसा मिळवला, याचा मी अभ्यास करत आहे. १९८५ च्या भूकंपानंतर मेक्सिको सिटीतील भाडेकरूंनी संघटित होऊन दबाव आणला, तेव्हा सरकारने हजारो मालमत्ता संपादित करून त्याच परिसरात घरे बांधून दिली. उलट हैतीत २०१० च्या भूकंपानंतर खासगी जमिनीवरील छावण्यांतून अनेक कुटुंबांना बळजबरीने हुसकावण्यात आले. हा फरक मला फार अस्वस्थ करतो. जुना ताबा सिद्ध करण्यासाठी शेजाऱ्यांची साक्ष, वीजबिले किंवा लोकांनी स्वतः काढलेले वस्तीचे नकाशे कुठे ग्राह्य धरले गेले, हे कोणास ठाऊक असल्यास कृपया सविस्तर कळवावे.