चालती वकिली सोडून विधी अधिकारी व्हावं का?

दिवाणीवाली

नमस्कार. एका सार्वजनिक संस्थेत विधी अधिकारी म्हणून माझी निवड झाली आहे. पद पूर्णवेळ, पगारी, कायम. सध्या स्वतःची वकिली आहे, सगळी दिवाणी बाजू: वाटप, मनाई, दरखास्ती (निकालाची अंमलबजावणी). कामाला तोटा नाही. पण "निकाल लागला की देतो" म्हणणारा पक्षकार निकालानंतर फोन उचलत नाही. कोर्टाला सुट्टी लागली की आवक थांबते. ऑफिसचं भाडं आणि कारकुनाचा पगार चालूच राहतो. घरी दोन म्हातारी माणसं आहेत, त्यांची औषधं तारखेवर अवलंबून ठेवता येत नाहीत. म्हणून अर्ज केला होता.

अडलंय ते एका वाटपाच्या दाव्यात. मी वादी बाईंची वकील. भावांनी हक्कसोडपत्र दाखवून त्यांचं नाव सातबाऱ्यावरून कमी करून घेतलं. बाई सगळीकडे सही करतात, बँकेत, रेशनच्या कागदावर, माझ्या वकीलपत्रावरही. हक्कसोडपत्रावर मात्र अंगठा आहे. प्रतिवादीचा उलटतपास अर्धा झालाय आणि त्या अंगठ्यावरचे प्रश्न अजून विचारायचे आहेत. प्रत्येक तारखेला बाई विचारतात, "पुढच्या वेळीही तुम्हीच ना?"

रुजू झाल्यावर हा एकच दावा, फी न घेता, पुरा करता येईल का? आणि सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं, काय होतं? पुढे परत यावंसं वाटलं तर?

विधी शाखा

ताई, अभिनंदन. मी स्वतः वकिली सोडून अशाच पदावर आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

दावा चालवता येणार नाही, फी न घेताही नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा (वकिलांच्या नियामक संस्थेचा) नियम 49 स्पष्ट आहे: पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की राज्य बार कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत वकिली बंद. "असेपर्यंत" हे शब्द नियमातच आहेत, म्हणजे परतीचा रस्ता बंद होत नाही. नोकरी सोडलीत तर बार कौन्सिलकडे अर्ज करून पुन्हा सुरू करता येते. "संस्थेसाठी मधूनमधून कोर्टात उभी राहीन, मग सनद चालू ठेवते" हेही चालत नाही. 2001 मध्ये सतीशकुमार शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने विद्युत मंडळाच्या विधी अधिकाऱ्याला हेच सांगितलं.

आता कामाबद्दल. इथे तुम्ही उभ्या राहणार नाही, उभं राहणाऱ्याला तयार करणार. दाव्याची नोटीस आली की संबंधित शाखेकडून परिच्छेदनिहाय अभिप्राय मागवायचा, तो वेळेत मिळवायचा (खरी कसोटी हीच), पॅनेलवरच्या (संस्थेने नेमलेल्या बाहेरच्या) वकिलांना कागद पुरवायचे, कैफियतीचा (दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराचा) मसुदा तपासायचा. निकाल विरुद्ध गेला तर अपील करण्याजोगं आहे का, यावर तुमचं मत लागतं, आणि त्याच दिवसापासून मुदत अंगावर येते. फाइल टेबलाटेबलावर फिरत होती हे कारण 2012 पासून चालत नाही. पोस्टमास्टर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडियामध्ये 427 दिवसांचा उशीर माफ झाला नाही. मी आजही निकालाच्या नकलेवर मुदतीचा शेवटचा दिवस लाल शाईने लिहितो आणि मगच वाचायला घेतो.

आवडतं का हे काम? मला मनापासून आवडतं. "हे अपील करू नका, आपण चूक आहोत" असं लेखी मत दिलं आणि ते मानलं गेलं, तर समोरच्या माणसाचा कोर्टाचा फेरा कायमचा वाचतो. वकील असताना एवढं माझ्या हातात नव्हतं. पण उलटतपासाची ओढ जात नाही. पॅनेलवरचे वकील साक्षीदाराला महत्त्वाचा प्रश्न न विचारता खाली बसतात, आणि आपण मागच्या बाकावर बसून ते बघायचं. याची तयारी मनाची करा.

फौजदारी बाजू

पुढे थेट भरतीने जिल्हा न्यायाधीश व्हायचा विचार असेल तर थांबा, मॅडम. घटनेच्या कलम 233(2) ला वकील म्हणून किमान सात वर्षं लागतात, आणि 2013 च्या दीपक अग्रवाल निकालाप्रमाणे ती अर्जाच्या लगत आधीची, सलग हवीत. त्याच निकालात सरकारी अभियोक्त्यांना (फौजदारी खटल्यांतले सरकारी वकील) वकील मानलंय, कारण त्यांचं मुख्य कामच कोर्टात बाजू मांडणं आहे. स्थिर पगारही हवा आणि कोर्टही सोडवत नसेल, तर सहायक सरकारी अभियोक्त्याची परीक्षा बघा. माझं मत तिकडेच आहे. तुमच्या प्रश्नातला निम्मा भाग त्या अंगठ्याबद्दल आहे.

जुनी सनद

हातातल्या कामाचं सांगते. वकीलपत्र नुसतं सोडून जाता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 3 नियम 4 प्रमाणे कोर्टाची परवानगी लागते. पक्षकाराला आधी पुरेशी सूचना द्या, आणि न केलेल्या कामाची घेतलेली फी परत करा. व्यावसायिक आचाराचा नियमच आहे. फी थकलेल्यांच्याही फाइली द्याव्या लागतील. 2000 च्या आर. डी. सक्सेना निकालाने त्या अडवून ठेवायची सोय ठेवलेली नाही. प्रत्येक फाइल परत देताना कागदांची यादी करून पोच घ्या.

वाटपाच्या दाव्यासाठी नवे वकील बाईंनाच निवडू द्या. तुम्ही दोन नावं सुचवा. नव्या वकिलांबरोबर एकदा बसून झालेला उलटतपास ओळ न ओळ समजावून द्या.

दिवाणीवाली

सगळ्यांचे आभार. अभियोक्त्याची परीक्षा कधी निघेल आणि मी निघेन का, यावर घर थांबवता येत नाही, म्हणून ही नोकरी घेणार आहे. जिल्हा न्यायाधीशाचा विचार कधीच नव्हता. रुजू व्हायला मुदतवाढ मागते आहे; दाव्याची पुढची तारीख त्यात बसते. त्या तारखेला प्रतिवादी हजर राहिला तर अंगठ्याचे प्रश्न मीच विचारीन. नाही राहिला, तर प्रश्न लिहून फाइलमध्ये ठेवते. बाईंना उद्या ऑफिसला बोलावलंय, फोनवर सांगायचं नाही असं ठरवलंय.

विधी शाखा

मुदतवाढीचा अर्ज लेखीच द्या आणि उत्तरही लेखीच घ्या. बार कौन्सिलला कळवायचं पत्र मात्र रुजू होण्याच्या दिवसापुढे ढकलू नका.