खरेदीआधीचा थांबा कायद्यानं परत आणावा का? (चर्चा)

द्वितीय_वर्ष

मी पुण्यात एमबीए करतोय, दुसरं वर्ष, स्पेशलायझेशन मार्केटिंग. केस स्टडी कुठलीही असो, उत्तर शेवटी एकाच ठिकाणी येतं, गिऱ्हाइकाच्या वाटेतला अडथळा काढा. साइनअपला चार रकाने असतील तर दोन करा, पत्ता आधीच भरून ठेवा, कार्ड सेव्ह करून घ्या, कार्टमध्ये टाकून निघून गेला तर संध्याकाळी नोटिफिकेशन टाका, तरी नाही आला तर दुसऱ्या अ‍ॅपवर तोच बूट त्याच्या डोळ्यासमोर आणत राहा. यातली एकेक गोष्ट सुटी बघितली तर सोयीची आहे, मीही वापरतो, पण सगळ्या एकापुढे एक मांडल्या की दिसतं की आपण ज्याला अडथळा म्हणतोय तो बऱ्याचदा माणसाचा विचार करायचा वेळ असतो. आवडलं आणि घेतलं यांच्यामध्ये आधी काहीतरी असायचं, दुकानापर्यंत जाणं, पाकिटातल्या नोटा मोजणं, घरी विचारणं, नाहीतर नुसती महिनाअखेर.

इच्छा निर्माण करणं हे जाहिरातीचं कामच आहे, त्याला माझा विरोध नाही. तो मधला थांबा ठरवून पुसून टाकायला आहे. आणि माझं म्हणणं असं की उधारीवरच्या खरेदीत तरी तो कायद्यानं परत आणला पाहिजे.

हे मागणं काही आभाळातून पडलेलं नाही. २००९ पासून आपल्याकडे ऑनलाइन कार्ड पेमेंटला दुसरी पडताळणी लागते, तो ओटीपी म्हणजे आरबीआयनं मुद्दाम ठेवलेला थांबाच. २०१४ ला एका टॅक्सी अ‍ॅपचं पेमेंट परदेशी गेटवेतून जायचं आणि ओटीपी चुकायचा, ते आरबीआयनं बंद पाडलं. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या ऑटो-डेबिटच्या २४ तास आधी कळवावं लागतं. आणि २०२२ च्या डिजिटल कर्जांच्या नियमांत तर कर्ज घेतल्यावर ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडायची सोय आहे. माझ्या वर्गात हे शेवटचं जवळपास कुणालाच माहीत नव्हतं, आणि आम्ही उद्या हीच कर्जं विकणार आहोत!

होस्टेलवर बघतो ना, पे लेटर घेणारी पोरं उधळी नाहीयेत. आत्ता द्या आणि नंतर द्या अशी दोन बटणं शेजारी असतात, नंतरचं आधीच निवडलेलं असतं, रक्कम साडेतीनशे, कोण थांबून वाचणार. असं दहा-बारा वेळा झालं की पाच तारखेला घरून आलेले पैसे सहा तारखेला गेलेले असतात. एका मित्राचे हप्ते चुकले आणि नोकरी लागायच्या आधीच त्याचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, खाली आला.

आणि नो कॉस्ट ईएमआय! बँक व्याज लावतेच, तेवढी रक्कम आधी किमतीत सूट म्हणून वजा दाखवतात, मग त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बऱ्याच ठिकाणी प्रोसेसिंग फी आपल्याच बिलात येते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही असं आरबीआयनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. नाव बदललं, स्कीम चालूच राहिली.

विरोधी मतं हवी आहेत, मनापासून.

विलेपार्ले_पूर्व

कळकळ पोचली, निदान पटलं नाही. विविध भारतीवर १९६७ ला जाहिराती आल्या, दूरदर्शनवर १९७६ ला, आणि तेव्हापासून मुलांना काय हवंय हे आईबापांच्या आधी जाहिरातवाल्यांना कळतंय. १९८२ ला एशियाडच्या निमित्तानं रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, त्यानंतर आमच्या बिल्डिंगमध्ये पगार न बघता लोकांनी हप्त्यावर टीव्ही आणले, कुणी ऑफिसच्या क्रेडिट सोसायटीतून कर्ज काढलं. मोबाइल नव्हता, अ‍ॅप नव्हतं. शेजाऱ्याच्या घरात टीव्ही आहे एवढं पुरे होतं.

मोहावर कायदा करता येत नाही, गिऱ्हाइकाला संघटित व्हावं लागतं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची. एका वस्तीतल्या घरांनी मिळून संघ करायचा, महिन्याची यादी आधी भरून द्यायची, माल एका सभासदाच्या घरी उतरतो, तिथं आपणच वाटप करायचं, काम आळीपाळीनं. बायको यादी भरायला बसायची तेव्हा गेल्या महिन्याचे दोन साबण उरलेत हे तिथंच कळायचं. कुठल्या सरकारनं नियम केला म्हणून नाही, बायकांनी स्वतः उभं केलं म्हणून. तुमच्या पिढीनं असं काही उभं करावं, सारखं रिझर्व्ह बँकेकडे कशाला बघता?

द्वितीय_वर्ष

काका, दोन गोष्टी. त्या क्रेडिट सोसायटीत अर्ज लागायचा, जामीनदाराची सही लागायची, कमिटीची मीटिंग होईपर्यंत थांबावं लागायचं, म्हणजे मी जो थांबा म्हणतोय तो तुमच्या हप्त्याच्या टीव्हीतसुद्धा होताच की! आणि दूरदर्शनवरची जाहिरात सगळ्या महाराष्ट्राला एकच दिसायची, पटली नाही तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात, कट्ट्यावर लोक बोलायचे. मला फोनवर काय दाखवलं जातं ते माझ्या रूममेटलाही दिसत नाही, मग आम्ही संघटित व्हायचं कशाभोवती? ग्राहक पंचायतीचं मात्र खरंच वाचणार आहे, आमच्या अभ्यासक्रमात एवढ्या देशोदेशीच्या केसेस आहेत, ही नाहीये.

आंबापोळी

मी राजापूरजवळची, घरची कलमं आहेत, आंबा, आंबापोळी, कोकम आगळ विकते. हे सगळं शहरातल्या, ज्यांना विकत घ्यायचंय त्यांच्या बाजूनं लिहिलंय, विकणाऱ्याचा विचारच नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळी पेटी वाशीला जायची आणि दलालाच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशोबावर, जो आकडा येईल तो आपला भाव, विचारायची सोय नव्हती. आता मी इन्स्टावर दिवसाला तीनशे-चारशे रुपयांची जाहिरात टाकते, पुणे-मुंबईतल्या आंबा शोधणाऱ्या माणसाला ती दिसते आणि भाव मी ठरवते. टीव्हीवर जाहिरात द्यायला माझ्याकडे कुठले पैसे? हे टार्गेटिंग तुम्हाला हत्यार वाटतं, पण पहिल्यांदा ते माझ्यासारखीच्या हातात आलंय.

आणि थांबा थांबा काय लावलंय, हापूसचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. तयार होत आलेला आंबा तुमचा विचार पक्का होईपर्यंत थांबत नाही. पेमेंटच्या पानावर एक पायरी वाढली की निम्मी माणसं निघून जातात हे मी स्वतः बघितलंय. मोठ्या कंपनीला चालेल, तिची माणसं परत येतात, माझी येत नाहीत. नियम मोठ्यांसाठी करतात आणि मरतो लहान.

बाणेर_प्रॉडक्ट

मी याच कामात आहे म्हणून सांगतो, कुणीतरी खोलीत बसून लोकांना फसवायचा प्लॅन करतंय असं चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाका. बहुतेक वेळा असं होतं: एकाच पानाचे दोन नमुने करतात, अर्ध्या लोकांना एक दाखवतात, अर्ध्यांना दुसरा, आठवड्यानं ज्याचं कन्व्हर्जन जास्त, म्हणजे जो बघून जास्त जणांनी खरेदी केली, तो राहतो. 'नंतर द्या' आधीच निवडलेला नमुना जिंकला, राहिला. मग त्याच्यावर पुढचे दोन नमुने. वर्षभरात असे पन्नास छोटे निर्णय होतात आणि एकाही निर्णयाच्या मीटिंगमध्ये कुणी वाईट वागलेलं नसतं, तरी शेवटी जे पान तयार होतं ते बघून आपल्या आईनं हे वापरू नये असं मला वाटतं.

त्यामुळे नैतिकतेच्या भाषणानं काही होणार नाही. काय मोजतो ते बदलावं लागेल. खरेदीनंतर किती जणांनी परत केलं, किती जणांचे हप्ते चुकले, हे आकडे कंपनीत असतात, पण ते दुसऱ्या टीमच्या डॅशबोर्डवर. पान बनवणाऱ्याला ते दिसतच नाहीत. या मुद्द्यावर मी मूळ धाग्याच्या बाजूनं आहे. पण सरसकट थांबा? नको. यूपीआय लाइटला पिन लागत नाही म्हणून चहाच्या टपरीवर रांग लागत नाही, त्यात कुणाचं नुकसान झालं?

तळटीप_वकील

चर्चेत एक गोष्ट राहिली. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं डार्क पॅटर्नवर, म्हणजे गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या पानांच्या रचनांवर, मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली. त्यात १३ प्रकार आहेत. फक्त दोनच खोल्या शिल्लक असं खोटं दाखवणं, न विचारता कार्टमध्ये देणगी किंवा विमा टाकणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणारं बटण, सुरू करायला एक क्लिक आणि बंद करायला भूलभुलैया, किंमत शेवटच्या पानावर वाढवणं, सगळं आलं. आधीच टिक केलेल्या चौकटीतून घेतलेली संमती तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतच चालत नाही. तेव्हा होस्टेलवरच्या त्या बटणाबद्दल नवा कायदा मागण्याआधी स्क्रीनशॉट काढून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

पण माझं खरं मत वेगळं आहे. जून २०२५ मध्ये प्राधिकरणानं कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःच स्वतःचं ऑडिट करायला सांगितलं. ज्याचा फायदा त्या पानावर अवलंबून त्यानंच ते तपासायचं, यातून फार काही हाती लागेल असं मला वाटत नाही. नियम आहेत, तपासणारा बाहेरचा माणूस नाही. धाग्यातली सगळी ऊर्जा तिथं लागली तर बरं.

टोरांटो_डोंबिवली

मला हे सगळं वाचून थोडा रागच आला, स्पष्ट सांगते. आईबाबा डोंबिवलीत, दोघंही सत्तरीपुढचे, बाबांचे गुडघे गेलेत, पावसाळ्यात जिना उतरणं म्हणजे धोका. मी इकडून अ‍ॅपवर दूध, भाजी, अडल्ट डायपर मागवते आणि ते तिकडे पोचलं की मला झोप लागते. तुम्ही ज्याला विचार करायचा वेळ म्हणता ते आमच्या घरात बाबांचं भर पावसात दुकानात जाणं होतं. तरुण पोरांना खर्चाची शिस्त नाही म्हणून म्हाताऱ्यांची सोय काढून घेऊ नका.

द्वितीय_वर्ष

ताई, तुमची सोय काढा असं मी कुठंच म्हटलेलं नाही, आणि तुमच्या दुधाच्या ऑर्डरला माझा नियम लागणारही नाही, कारण ते पैसे तुम्ही तिथल्या तिथं देताय. मी फक्त उधारीवरच्या खरेदीबद्दल बोलतोय, पे लेटर आणि ईएमआय. वकीलसाहेबांचं बाहेरच्या ऑडिटचं म्हणणं मला माझ्या मागणीइतकंच महत्त्वाचं वाटतं, दोन्ही हवं.

बाणेरवाल्यांनी सांगितलं त्यावर जास्त बोलायचंय. कुणीच वाईट नाही तरी पान वाईट, हे जर खरं असेल तर बाहेरून नियम लागतो याचा याहून मोठा पुरावा कुठला? चांगल्या माणसांच्या टीमलासुद्धा थांबता येत नाहीये, कारण शेजारची कंपनी थांबणार नाही. सगळ्यांना एकदम थांबवलं तरच कुणाचा तोटा होत नाही. ओटीपीच्या वेळी हेच झालं, सगळ्यांना लागला, म्हणून कुणाचं गिऱ्हाईक दुसरीकडे पळालं नाही.

आंबापोळीताई, तुम्हाला एक विचारतो. सुरुवातीला कॅश ऑन डिलिव्हरी ठेवलं असेल ना, तेव्हा किती पार्सलं परत यायची? घाईत मागवलेलं आणि दारात नको झालेलं, त्याचं जायचं-यायचं भाडं कोण भरायचं?

आंबापोळी

मीच भरायचे. आरटीओ म्हणतात त्याला, माल परत. आगळाची बाटली परत येताना फुटलेली, तीही माझीच. म्हणून सीओडी बंद केलं, आधी पैसे, मग पार्सल. ऑर्डरी कमी झाल्या पण जी आली ती खरी. तू म्हणतोस तो थांबा माझ्या दुकानात मीच ठेवलाय रे बाळा, माझा हिशोब बघून, आणि हेच मला म्हणायचंय, ज्याचं दुकान त्याला ठरवू दे.

द्वितीय_वर्ष

पण तुम्हाला तो ठेवता आला कारण नुकसान तुमचंच होत होतं, भाड्याचा आकडा महिन्याअखेरीला तुमच्यासमोर यायचा. पे लेटरमध्ये हप्ता चुकल्यावर दंडाचे पैसे मिळतात कंपनीला आणि स्कोअर जातो पोराचा. तिथं थांबा ठेवायचं कारण दुकानदाराला सुचणारच नाही.

माझा प्रस्ताव नेमका सांगतो. उधारीवर काही घेतलं की पहिले २४ तास एका बटणात फुकट रद्द करता यावं, घेताना जेवढं मोठं बटण होतं तेवढंच मोठं, आणि उधारीचा पर्याय आधीच निवडलेला कधीच नसावा. रोखीला, यूपीआयला, आंब्याला काहीही लागू नाही.

बाणेर_प्रॉडक्ट

करायला दोन आठवड्यांचं काम आहे, फार तर तीन. विरोध होईल तो दुसऱ्या भागाला, कारण आधीच निवडलेलं बटणच सगळा धंदा आणतं. आणि फोन २४ तासांत घरी पोचून बॉक्स फोडला असेल तर? फोडलेला फोन कोण परत घेणार ते लिही.

द्वितीय_वर्ष

माल हातात पडेपर्यंत किंवा २४ तास, जे आधी होईल ते.

आंबापोळी

मग दहा मिनिटांत फोन आणून देणारे सुटले की तुझ्या नियमातून. त्यांच्याकडे माल आधी हातात पडतो. मोठे सुटतात ते असेच.