'सेल्फ-सेन्सॉरशिप'ला मराठीत काय म्हणाल?

खोडरबर: वृत्तवाहिन्या आणि पेपर मोजक्या उद्योगसमूहांच्या हातात गेल्याबद्दलचा एक लेख मराठीत आणतोय. एका जागी दोन दिवस अडलोय. आशय असा, की मालकाचा फोन येतच नाही. त्याच्या दुसऱ्या धंद्याला झोंबेल अशी बातमी संपादक आपणहून आतल्या पानावर ढकलतो. मी 'स्व-परिनिरीक्षण' लिहिलं. बायको म्हणाली, हे आरशासमोर उभं राहून करायचं असतं का?

शब्दवेल्हाळ: 'परिनिरीक्षण' नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाच्या नावात आहे, तिथेच राहू द्या. परि म्हणजे चहूबाजूंनी, निरीक्षण म्हणजे पाहणं. कात्री कुठाय त्यात? सरळ 'मुस्कटदाबी' लिहा.

खोडरबर: मुस्कटदाबीला दाबणारा लागतो हो. इथे नेमका तोच दिसत नाही.

तिरपागडे: सेन्सॉरमध्येही मुळात कात्री नव्हती. इ.स.पू. ४४३ पासून रोममध्ये या नावाचा अधिकारी असे असं परंपरा सांगते. काम काय, तर नागरिकांची मोजदाद आणि त्यांच्या वागणुकीवर नजर. 'सेन्सस' त्याचाच भाऊ. म्हणजे ते बिचारं परिनिरीक्षण मूळ अर्थाला जास्त धरून आहे!

प्रूफवाली: 'स्वनियंत्रण', 'संयम' असलं काही वापरू नका, एवढं सांगते. दोन्ही सद्गुण आहेत. भीतीला सद्गुणाचं नाव दिलं की संपादक सुटला. मला विचाराल तर 'हाताची घडी, तोंडावर बोट'. बोट स्वतःचं, तोंडही स्वतःचं.

शब्दवेल्हाळ: पण बाई ओरडल्यावरच ना?

प्रूफवाली: पहिला आठवडा. नंतर बाई वर्गात नुसत्या आल्या तरी पुरे.

खोडरबर: वा! पण ताई, वाक्यात बसवू कसं? 'संपादकांमधील हाताची घडी तोंडावर बोट वाढीस लागले'?

नवखा_७: नेटवर तर मालक माणूसही नसतो. मी 'खून' लिहिताना मध्ये फुली टाकतो, अल्गोरिदम पोस्ट दाबेल म्हणून. खरंच दाबतो का, कधी तपासलेलं नाही. सगळे टाकतात म्हणून मीही टाकतो.

शब्दवेल्हाळ: अल्गोरिदम कशाला? 'गणनविधी' आहे की.

तिरपागडे: अहो, ते नवव्या शतकातल्या अल-ख्वारिझ्मी नावाच्या गणितज्ञाचं नाव आहे. उद्या माझ्याही नावाचं भाषांतर कराल.

शब्दवेल्हाळ: तुमच्या नावाची फोड मी कधीच केली आहे. असो. 'मुसकं' कसं वाटतं? मळणीच्या बैलाच्या तोंडाला बांधतात ते. धान्य पायाखाली, पण तोंड लावायचं नाही. 'मुसक्या आवळणे' त्यातूनच आलं.

तिरपागडे: साफ चूक. मुसक्या हाताला, दोन्ही दंड मागे खेचून. मुसकं तोंडाला. 'चोराच्या मुसक्या आवळल्या' म्हणजे काय त्याचं तोंड बांधलं?

शब्दवेल्हाळ: आमचे आजोबा तोंडालाच मुसकी म्हणत.

तिरपागडे: आजोबा बैलाबद्दल बोलत असतील.

खोडरबर: मंडळी, लेख उद्या द्यायचाय.

प्रूफवाली: द्या 'सेल्फ-सेन्सॉरशिप' म्हणूनच. लोकांना कळतं.

शब्दवेल्हाळ: असंच म्हणून म्हणून भाषेचं वाटोळं झालंय. तिरपागडे, मुस्कट आणि मुसकं एका मुळातले नाहीत, हे एकदा सिद्ध करून दाखवा.