शांघाय : दोन लहान मुलींसह कुठे राहावं? काय न्यावं?

दोघींची_आई: नवऱ्याची बदली शांघायला झालीये, फेब्रुवारीत निघतोय. ऑफिस पुडोंगात, झांगजियांगला. थोरली तीन वर्षांची, धाकटी आठ महिन्यांची. घरभाड्याचे कंपनी 12 हजार युआन देणार, वर छदाम नाही. चिनी अजिबात येत नाही. भाग सुचवा, सामान सुचवा.

गुबेकर: डोळे मिटून गुबे, शहराच्या पश्चिमेचा भाग! जपानी-कोरियन कुटुंबं, बागा, संध्याकाळी बाबागाड्यांची जत्रा. आमचं भाडं 22 हजार, पण खाली पोहण्याचा तलाव आहे.

दोघींची_आई: 12 लिहिलंय हो.

गुबेकर: कंपनीशी भांडा. आमच्या यांनी भांडूनच घेतले.

सोलापुरी_चादर: गुबेला +1. पण थंडीबद्दल कुणी बोलेना! बीजिंगला सरकारी हीटिंग असतं, शांघायला नसतं. दमट गारठा हाडात शिरतो. धाकटी आता रांगणार, तेव्हा जमिनीखालून तापणारं घरच बघा.

खमंग: कुकर आणि मिक्सर न्याच. व्होल्टेज जवळपास आपल्यासारखंच, 220, फक्त पिना वेगळ्या.

गुबेकर: कुकर तिथेही मिळतो, विजेवरचा.

खमंग: तो मुका असतो. शिट्ट्या कशा मोजायच्या?

सोलापुरी_चादर: वरणाला तीन.

खमंग: तुरीच्या डाळीला तीन? कच्ची खाता का?

कागदी_घोडा: कुकर बाजूला ठेवा. घरात राहायला गेलात की 24 तासांत पोलिसांकडे नोंद, चौघांचीही. कामाच्या व्हिसावर 30 दिवसांत रहिवासी परवान्याचा अर्ज. लसींचं पुस्तक हातातल्या बॅगेत ठेवा, बालवाडीवाले मागतात. जपानी मेंदूज्वराची लस तिथल्या सरकारी वेळापत्रकात आहे, राहिली असेल तर तिथे घ्या. व्हीपीएन निघण्याआधीच फोनमध्ये घाला, व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल तिथे बंद. आणि फेब्रुवारीच्या आसपास चिनी नववर्ष येतं, घरांचे एजंट गावी गेलेले असतात.

पुणे_ते_पुशी: व्हीपीएन आधीच घाला, हे कुणी सांगितलं नाही वाटतं. अलीपेही, पैसे द्यायचं अ‍ॅप. आणि टॅक्सीत बाळाची सीट नसते, आम्ही 9 किलोची सीट खांद्यावर घेऊन फिरलो. शेवटी मेट्रोच बरी, 1.3 मीटरच्या आतली मुलं मोठ्यांबरोबर फुकट.

सोलापुरी_चादर: मुलांना टोपी घाला, नाहीतर रस्त्यातल्या आज्या थांबवून ओरडतात.

गुबेकर: ओरडू देत. गुबेतल्या आज्या प्रेमळ आहेत.

दोघींची_आई: सगळ्यांचे आभार. झांगजियांगलाच घर घेतोय. गुबेहून नवऱ्याचा जाऊन-येऊन दोन तासांचा प्रवास, मग मुलींना बाबा रविवारीच दिसायचा. तलाव नाही, पण जमीन तापते आणि भाडं 11 हजार. निघणं नववर्षाच्या सुट्टीनंतर, मार्चमध्ये.

गुबेकर: झांगजियांगला संध्याकाळी चिटपाखरू नसतं. वर्षभरात गुबेला याल, लिहून ठेवा.

खमंग: कुकर किती लिटरचा नेताय पण?