टीव्हीच्या रिमोटनेच साउंडबार चालवता येतो का?

टीव्ही, साउंडबार, सेट टॉप बॉक्स, तिघांचे तीन रिमोट, जाम वैताग आलाय. टीव्हीच्याच रिमोटने सगळं होईल का?

उत्तर: होतं की, टीव्ही आणि साउंडबार दोन्हीकडे एचडीएमआय सीईसी (एचडीएमआय केबलने जोडलेली उपकरणं एकाच रिमोटने चालवायची सोय) चालू करा, फक्त सेटिंगमध्ये ते नाव सापडेलच असं नाही, सॅमसंगवाले त्याला एनीनेट प्लस म्हणतात, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक, उगाच गोंधळ. आणि एचडीएमआय केबल एआरसी लिहिलेल्या पोर्टलाच लावा, टीव्हीचा आवाज त्यातून साउंडबारकडे जातो.

मी ऑप्टिकल केबल (फक्त आवाज नेणारी) लावलीय, चालेल ना?

दुसरं उत्तर: आवाज येईल हो, पण ऑप्टिकलमधून सीईसीची कमांड जात नाही, एचडीएमआयच लावा. सेट टॉप बॉक्सचं मात्र सांगता येत नाही, बऱ्याच बॉक्समध्ये सीईसी नसतंच, मग इन्फ्रारेडवाला युनिव्हर्सल रिमोट बघा.